साखळी सुटली म्हणायचं राहिलं

आधीच सांगते, हे मी मोबाईलला बोलून टाईप करतेय. मोबाईल समोर टेबलावर ठेवलाय, मी बोलतेय आणि तो लिहितोय. बारीकसारीक चुका राहिल्या तर चालवून घ्या.

का बोलून लिहितेय, ते पुढे येईलच.

या पेजवर मी दोन वर्षं गोष्टी वाचतेय. अर्ध्या वाचून हसलेय, खोटं कशाला बोलू. कमेंटमध्ये 'काहीही' असं लिहिणाऱ्यांतली मी एक. तुम्हीही लिहा. पण मी ज्या दिवसाचं सांगणार आहे त्या दिवसाचा आमचा ग्रुप फोटो आहे. त्यात आठ मुलं असायला हवी होती. मोजली तर सात आहेत.

आठवी कुठे होती, तीच ही गोष्ट.

तारीख १५ डिसेंबर २०२४. रविवार. वेळ रात्रीची नाही. भर दुपारी साडेबारा-एकची, सावली पायाखाली येते ना, तेव्हाची.

मी देवश्री. नगर जिल्ह्यातल्या कर्जतला राहते, नववीत आहे. गेल्या वर्षी कुणी नाव विचारलं तरी माझा आवाज फुटायचा नाही. मग ऑगस्टमध्ये वक्तृत्व स्पर्धेत धाडकन जिल्ह्यात दुसरी आले आणि मला शोधच लागला की माझा आवाज मोठा आहे. तेव्हापासून मी थांबलेच नाही. शाळेत सूचना कोण देणार? देवश्री. सहलीला घोषणा कोण देणार? देवश्री. आई म्हणायची, "अगं, घरात तरी माईक बंद कर."

आमचे भूगोलाचे अवधूत सर. त्यांचा एक गट आहे. रविवारी डोंगरावरच्या जुन्या पायवाटा दुरुस्त करायच्या. पावसाने वाहून गेलेल्या जागी दगड बसवायचे, प्लास्टिक गोळा करायचं, वाट चुकू नये म्हणून दगडांवर पांढरे बाण काढायचे. मोबदला म्हणजे भाकरी-पिठलं आणि दुसऱ्या दिवशी मोडलेलं अंग. मला जाम आवडायचं!

अनन्याला मीच नेलं.

ती माझी चुलत बहीण. काकांची मुलगी, शेजारच्याच घरात राहते, माझ्याच वर्गात. माझ्या अगदी उलट. बोलणं कमी, पण हात... तिचे हात पेटीवर फिरायला लागले की आमचे आजोबा दत्तोपंत पेपर खाली ठेवायचे. त्यांनी पेपर खाली ठेवणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

जानेवारीत तिची पेटीची परीक्षा होती.

शोभाकाकू म्हणालीही, "दगडधोंडे उचलायला कशाला? बोट-बिट चेंगरलं तर?"

मी म्हटलं, "काकू, मी आहे ना!"

मी आहे ना.

खर्ड्याच्या पुढे, बालाघाटाच्या डोंगरात एक वस्ती आहे. नाव सांगत नाही, उगाच कुणी तिकडे जायला नको. सरांनी क्रूझर गाडी ठरवली होती. नऊच्या सुमाराला पोचलो. डोंगरमाथ्यावर पाण्याचं जुनं टाकं आहे, तिथवर जाणारी पायवाट मधेच वाहून गेली होती. तिथे पायऱ्या बसवायच्या होत्या. दगड मात्र खाली ओढ्यात.

वस्तीतून वाट दाखवायला पुंजारामकाका आले होते. त्यांच्याबरोबर त्यांची आई, आक्काबाई. सत्तरीच्या आतबाहेर असेल. ताठ, काटक. फक्त एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली.

तिने दोन्ही हात पुढे धरून त्यांवर पदर घेतला होता. देवाला ताट घेऊन जाताना झाकतात ना, तसा.

थंडी असेल, म्हटलं.

सरांनी काम वाटलं. "साखळी करायची. एकाने दगड द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा. घेणाऱ्याने मोठ्याने 'घेतला' म्हणायचं, तोवर देणाऱ्याने सोडायचा नाही. पायावर पडला तर मला तुमच्या आया फाडून खातील. साखळीच्या वरच्या टोकाला देवश्री. आवाज आहे, लक्ष ठेवेल."

मी ताठ झाले. टोकाला मी!

आक्काबाई माझ्याजवळ आली. अगदी जवळ.

"पोरी, वरच्या टोकाला तू हायेस का?"

"हो आज्जी."

"मग ध्यान दे. काम थांबलं की जागा सोडायच्या आदी आरोळी द्यायची. साखळी सुटली, म्हनायचं. तिनदा. खालच्या टोकानं 'सुटली' म्हनलं की मगच पाय उचलायचा. इसरशील?"

"नाही हो आज्जी. आवाज माझा कर्जतपर्यंत जातो!"

ओंकार खिदळला. "आज्जी, हिला फक्त बंद करायची आरोळी शिकवा."

आक्काबाई हसली नाही.

"अन तुमी समद्यांनी बी," ती म्हणाली, "आरोळी आल्याबिगर जागा सोडायची न्हाई."

सगळ्यांनी मान हलवली. अनन्याने जरा जास्तच गंभीरपणे. ती तशीच होती. सांगितलेलं ऐकणारी.

आता जागा नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

वर मी. माझ्याखाली उतारावर एकेक करत पाच जण. सर माझ्यामागे पायऱ्या बसवत होते. सगळ्यात खाली, एका मोठ्या काळ्या कातळापाशी ओंकार. कातळाच्या पलीकडे वाट वळते आणि ओढ्यापर्यंत आणखी बराच उतार. तो भाग वरून दिसत नाही. आम्ही आठजण तिथवर पुरणारच नव्हतो. वस्तीवरच्या काही बायका येणार होत्या, त्या मधे उभ्या राहणार होत्या. तोवर अनन्याने ओढ्यात थांबून चांगले दगड निवडून ठेवायचे, असं ठरलं.

ती खाली गेली. जाताना वळून तिने मला हात केला.

दहा मिनिटं काहीच नाही.

मग ओंकार ओरडला, "आला रे!"

पहिला दगड वर आला. मग दुसरा. मग धडाधड. सर खूश. "आल्या वाटतं बायका. बघा, ह्याला म्हणतात काम!"

आणि काम खरंच पळत होतं. "घेतला... घेतला... घेतला..." आवाज खालून वर यायचा, जिना चढत आल्यासारखा. मला गंमत वाटली. मी मोजायला लागले. ओंकारचा ओळखू यायचा, तिथपासून माझ्यापर्यंत सात. कातळापलीकडचे पुसट यायचे. बायकांचे. गावाकडचे.

"घ्येतला..."

"घ्येतला..."

तेही मोजले. दर वेळी सात.

मधेच ओंकार म्हणाला, "काकू, जरा दमानं घ्या की, माझे हात तुटले."



"बोलत नाहीत रे," तो वरच्या पोराला म्हणाला. "नुसते हात येतात कातळाच्या कडेनं. आणि हात कसले गार आहेत यार... बर्फाच्या गोळ्यासारखे."

"ओढ्याच्या पाण्यातले दगड आहेत," सर म्हणाले.

मी सकाळी येताना तो ओढा ओलांडला होता.

कोरडा होता.

पण तेव्हा असं काही सुचत नाही हो. शेवटची पायरी बसली, सरांनी हात झटकले आणि म्हणाले, "चला, फोटो! मग जेवण!"

मी काय केलं माहीत आहे?

मी ओरडले. माझ्या त्या जिल्ह्यात दुसऱ्या आलेल्या आवाजात.

"जेवायला चलाऽऽ!"

आणि पळाले.

माझ्यामागे सगळे पळाले. पुढच्या वळणावर फोटो काढला. सात मुलं. सर म्हणाले, "अनन्या?" मी म्हटलं, "खाली बायकांबरोबर येईल, लाजते ती फोटोला." आम्ही आंब्याखाली गोल करून बसलो. पुंजारामकाका दुरडी घेऊन आले. मागे आक्काबाई, हातावर तसाच पदर. मी पिठल्यात भाकरी बुडवली. दोन घास खाल्ले. तिसरा घेताना सहज म्हटलं, "काका, तुमच्या वस्तीतल्या बायका म्हणजे मशीन आहेत मशीन!"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"बाया? बाया समद्या कांद्याच्या लागनीला गेल्यात सकाळी सातलाच. दुरडी आनाय घरी गेलो तवा कळलं, आज कुनी येनार न्हाई म्हनून."



ओंकारने हातातली भाकरी खाली ठेवली. तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

आणि मग खालून आवाज आला...

ठक्.

दगडावर दगड ठेवल्याचा.

थोड्या वेळाने...

ठक्.

आक्काबाईने माझा चेहरा बघितला. "आरोळी दिली हुतीस ना?"

मी भाकरी टाकून उठले.

आम्ही धावलो. मी सगळ्यांच्या पुढे. आम्ही बांधलेल्या पायऱ्यांपाशी आलो तर तिथे दगडांचा ढीग होता. आम्ही निघालो तेव्हा एकही दगड शिल्लक नव्हता. आता माझ्या कमरेएवढा ढीग. माझ्याच जागेवर.

कातळाला वळसा घातला.

उतारावर कुणीच नव्हतं.

फक्त दगड. चार-पाच पावलांच्या अंतराने एकेक, ओळीत, ओढ्यापर्यंत. कुणीतरी नुकताच हातातून ठेवल्यासारखा. प्रत्येकाभोवती अजून धूळ उडत होती.

मी मोजले नाहीत. सरांनी मोजले. सात.

आणि खाली अनन्या.

सरळ उभी. दोन्ही हात पुढे, हातात दगड. बोटांची सालं निघालेली. पेटीवर फिरणारी ती बोटं... दगडावर रक्ताचे ठसे होते.

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ सुकले होते.

"देवू, झालं का गं काम? तू आरोळीच दिली नाहीस."

मी तिथेच ओरडले. साखळी सुटली! साखळी सुटली! साखळी सुटली! डोंगरावर तीनदा आवाज फिरला. अनन्याने "सुटली" म्हणायला तोंड उघडलं...

आवाज आला नाही.

दगड तिच्या हातातून निघेना. सर आणि ओंकारने एकेक बोट उचकटलं. दगड पडला.

हात तसेच राहिले. दगड धरल्यासारखे.

आक्काबाई मागून आली होती. 

"उशीर झाला गं," ती म्हणाली. "वरच्यानं जागा सोडल्यावर आरोळीला काय अर्थ?"

तिने जे सांगितलं ते थोडक्यात सांगते. बहात्तरचा दुष्काळ. ही वाट तेव्हाच्या दुष्काळी कामावर बायकांनी बांधली. हीच साखळी, हाच ओढा. आक्काबाई चौदा वर्षांची. आवाज मोठा, म्हणून वरच्या टोकाला, आरोळीच्या कामाला. त्या दिवशी सुकडी, म्हणजे कामावर वाटायचं ते कोरडं खाणं, आल्याचं कुणीतरी ओरडलं. पोटात दोन दिवस काही नव्हतं. ती पळाली. वरच्या सगळ्या पळाल्या. खालच्या सात जणींना काहीच ऐकू गेलं नाही. आरोळी नाही म्हणून त्या थांबल्या.

आणि दरड आली.

"चांगुना माझी मैतरीन हुती त्यात," आक्काबाई म्हणाली. "त्यांना कुनी सांगितलंच न्हाई, काम संपलं म्हनून."

आम्ही अनन्याला क्रूझरमधून नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, स्नायूंवर ताण आलाय, आठवड्यात सैल पडतील. पडले नाहीत. दुसरे डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे. गोळ्या दिल्या. काकू तिला भरवायला लागली, न्हाऊ घालायला लागली. जानेवारी आला. पेटीची परीक्षा गेली. आजोबा पेपर वाचायचे, पण एकच पान दिवसभर.

मग ती वळायला लागली.

वर्गात, जेवताना, टीव्हीसमोर. डावीकडे वळायची, काहीतरी घ्यायची. उजवीकडे वळायची... आणि थांबायची. हात पुढे करून. वाट बघत.

तिच्या युनिफॉर्मवर रोज दगडाची भुकटी असायची.

एकदा तिने मला सांगितलं, "देवू, आधी मी वाकून दगड उचलत होते. मग वाकायचं कधी बंद केलं, आठवत नाही. मला कुणीतरी देत होतं."

"पण तू सगळ्यात खाली होतीस ना?"

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "माझ्याखाली अजून आहेत. खूप आहेत."

फेब्रुवारीत मी बाबांना घेऊन पुन्हा तिथे गेले. माझ्या जागेवर उभी राहिले. सकाळी दहापासून उन्हं उतरेपर्यंत ओरडले. साखळी सुटली. घसा बसला, रक्ताची चव आली, तरी ओरडले. बाबा रडायला लागले.

शेवटी कातळापलीकडून उत्तर आलं. बाबांनीही ऐकलं.

'सुटली' नाही.

"घ्येतला..."

मार्चच्या एका दुपारी काकू दळण आणायला गेली होती. मी अनन्याजवळ बसले होते. ती उजवीकडे वळलेली, हात पुढे. दीड तास. खांदे ओझ्याने वाकलेले. गालांवर पाणी, पुसायला हात नाहीत.

"देवू, खूप जड आहे गं. वर कुणीच नाहीये. कुणी घेतच नाहीये."

वरची जागा कुणाची होती?

मी उठले. तिच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले. हात पुढे केले.

तिला कळलं. "नको... देवू, नको..."

मी म्हटलं, "घेतला."

जड. एवढंच सांगता येईल. आणि गार. खूप गार.

अनन्याची बोटं सैल पडली. एकेक करून, फूल उमलतं तशी. तिने ती डोळ्यांसमोर धरली आणि हंबरडा फोडला. त्या संध्याकाळी ती स्वतःच्या हाताने जेवली. काकूने पेढे वाटले. मला भरवला एक. तेव्हा तिच्या लक्षात आलं की मी तो हातात का घेत नाहीये...

आता कळलं ना, मी बोलून का लिहितेय.

मी तो दगड खाली ठेवायला बघितलं. बोटं उघडत नाहीत. कुणाला देऊ? माझ्या वर कुणीच नाही. टोकाला मीच आहे.

बाबा मला आक्काबाईकडे घेऊन गेले. ती ओट्यावर बसली होती, सून तिला चहा पाजत होती. मला बघून तिने सुनेला खूण केली. सुनेने तिच्या हातांवरचा पदर बाजूला केला.

दोन्ही हात पुढे. तळवे वर. बोटं वाकलेली, वाळलेली, दगड धरल्यासारखी.

बावन्न वर्षं.

"हुईल सवय," ती म्हणाली.

मी विचारलं, "आज्जी, हा एकच असतो ना? की पुढे अजून...?"

तिने तोंड फिरवलं. सुनेने पदर पुन्हा झाकला.

तीन आठवडे झाले. पलीकडच्या घरातून पेटी ऐकू येते. आजोबा पेपर खाली ठेवतात. काल अनन्या आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तेच हात पुढे करून म्हणाली, "देवू, मला दे."

मी पाठ फिरवली. दिला नाही. आजचा दिवसही नाही दिला.

पण सकाळपासून एक होतंय. मी डावीकडे बघत नाहीये, मुद्दाम भिंतीला डावी बाजू लावून बसलेय. तरी अगदी कानाशी, काकणं वाजतात. आणि बाईमाणसाचा आवाज येतो. चिडलेला नाही. फक्त दमलेला.

"घे की गं, पोरी..."

माझे हात रिकामे नाहीत. हे मी तिला चार वेळा सांगितलं.

तिला ऐकू जात नाहीये.